साधन, साक्षी आणि श्रेय : मराठ्यांच्या इतिहासलेखनातील आधारनिर्देशाची परंपरा

प्रस्तावना

इतिहासाच्या लेखनात प्रत्येक महत्त्वाच्या विधानामागे आधार असला पाहिजे आणि तो आधार वाचकापुढे स्पष्टपणे मांडला पाहिजे, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याच्या प्रतिबंधासाठी विनियम लागू केल्यापासून उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात या तत्त्वाला नियमांचे बळही मिळाले आहे. तथापि, या प्रश्नाची चर्चा बहुधा दोनच अंगांनी होताना दिसते. एक अंग नीतीचे : दुसऱ्याचे श्रम आपले म्हणून दाखवू नयेत. दुसरे अंग शिक्षेचे : साम्य ठरावीक टक्क्यांपलीकडे गेल्यास कोणती कारवाई होते. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत, यात शंका नाही. परंतु इतिहास या विद्याशाखेपुरते पाहता आधारनिर्देशाला याहून मूलभूत असे तिसरे अंग आहे. ते ज्ञानाचे अंग होय.

इतिहासकार न्यायाधीशाप्रमाणे साक्षी तपासतो. एखाद्या घटनेविषयी पाच ग्रंथ एकच गोष्ट सांगत असतील, तर त्या पाच साक्षी आहेत की एकाच साक्षीच्या पाच नकला आहेत, हे ठरविल्याशिवाय निर्णय देता येत नाही. हे ठरविण्याचे साधन एकच : कोणी कोणाकडून काय घेतले, याची प्रामाणिक नोंद. जेथे ही नोंद नसते तेथे साक्षींची मोजणी चुकते आणि मोजणी चुकली की इतिहासही चुकतो. प्रस्तुत निबंधात हे प्रतिपादन मराठ्यांच्या इतिहासलेखनाच्या वाटचालीतून तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. आधारनिर्देशाची शिस्त आपल्याकडे केवळ पाश्चात्त्य विद्यापीठांतून आयात झाली, की आपल्या संशोधकांनी ती स्वतःच्या गरजेतून घडविली, हा प्रश्नही त्या ओघात येतो.

हस्तलिखितांची परंपरा आणि कर्तृत्वाचा प्रश्न

मुद्रणपूर्व काळात ग्रंथाचा प्रसार नकलांच्या द्वारे होत असे. नक्कल करणारा लेखनिक पुष्कळदा ग्रंथाच्या अखेरीस आपले नाव, स्थळ व तिथी नोंदवीत असे. ही पुष्पिका म्हणजे एका अर्थी आधारनिर्देशच होता. कारण प्रत केव्हा व कोठे सिद्ध झाली हे तीवरून समजते. मात्र मूळ ग्रंथाच्या शब्दांत भर घालण्याची किंवा फेरफार करण्याची मोकळीक अनेक लेखनिक घेत. शके १५०६ म्हणजे इ.स. १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, ते याच पार्श्वभूमीवर. ज्ञानेश्वरीच्या पाठात कोणी स्वतःची ओवी घालू नये, अशी ताकीद त्यांनी देऊन ठेवली. मूळ कर्त्याचे शब्द कोणते व पुढच्यांचे कोणते, ही सीमा राखली पाहिजे याची जाणीव आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वीच व्यक्त झाली होती, असे यावरून म्हणता येईल.

याच काळात उलट दिशेची अडचणही आढळते. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते. म्हणून कर्तृत्वाचा प्रश्न सुटावा असे वाटते. प्रत्यक्षात ती मुद्राच संभ्रमाचे कारण ठरते. तेराव्या-चौदाव्या शतकांतील नामदेव आणि एकनाथकालीन विष्णुदास नामा यांच्या रचना गाथेत एकमेकींत मिसळल्या आणि त्या वेगळ्या करण्यासाठी अभ्यासकांना दीर्घकाळ परिश्रम करावे लागले. येथे कोणी कोणाची रचना चोरली असे नाही. तरीही श्रेयाची नोंद पुसट झाल्यामुळे भाषेच्या आणि संप्रदायाच्या इतिहासाचे कालानुक्रमच संशयित झाले. हेतू निर्मळ असला तरी नोंदीचा अभाव तितकाच हानिकारक ठरतो, हा धडा या उदाहरणातून मिळतो.

बखरी : एक साक्ष की अनेक?

कृष्णाजी अनंत सभासद याने छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे शिवचरित्र लिहिले. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील या बखरीचे महत्त्व तिच्या कालसान्निध्यात आहे. पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत शिवचरित्रपर अनेक बखरी झाल्या. त्यांपैकी चित्रगुप्ताच्या नावाने ओळखली जाणारी बखर सभासदाच्या कथनावर आधारलेली आहे. मूळ मजकुरात वर्णनाची व अलंकरणाची भर घालून ती वाढविली आहे. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे घटनांपासून सव्वाशेहून अधिक वर्षे दूरची आहे.

बखरकारांना यासाठी दोष देणे अनाठायी होईल. त्यांचे लेखन धन्याच्या आज्ञेवरून, बोधासाठी अथवा कुलाभिमानासाठी होत असे. मागील बखर घेऊन ती वाढविणे हे त्या काळी अपहरण मानले जात नव्हते. अडचण उभी राहते ती नंतरच्या अभ्यासकापुढे. सभासद सांगतो, चित्रगुप्त सांगतो, आणखी दोन बखरी सांगतात, म्हणून चार आधार झाले, अशी बेरीज त्याने केली की तो फसतो. दुसऱ्या साक्षीदाराने पहिल्याचे म्हणणे ऐकून तेच पुन्हा सांगितले असेल, तर त्याच्या साक्षीने पुराव्याचे वजन वाढत नाही. ही परस्परसंबंधांची उकल करण्यासाठी अभ्यासकाला शब्दसाम्य आणि विशेषतः समान चुका शोधाव्या लागतात. दोन ग्रंथांत एकच सत्य आढळणे स्वाभाविक आहे. एकच चूक आढळली तर दोघांचे मूळ एक असल्याचा संशय बळावतो.

ग्रँट डफ आणि नीलकंठ जनार्दन कीर्तने

जेम्स ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी होता. त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लंडन येथे तीन खंडांत प्रसिद्ध झाला. आधारांचा तळटिपांतून निर्देश करण्याची पद्धत या ग्रंथाने मराठ्यांच्या इतिहासाला प्रथमच मोठ्या प्रमाणावर लावली, हे मान्य करावे लागते. सातारच्या राजघराण्याचे कागद, बखरी, फार्सी तवारिखा आणि कंपनीचे दप्तर अशा विविध साधनांचा उपयोग त्याने केला आणि वापरलेल्या मराठी हस्तलिखितांच्या प्रती बाँबे लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचेही नमूद केले.

या ग्रंथावर मराठीतील पहिली साक्षेपी टीका नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने १८६७-६८ च्या सुमारास केली व ती 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून प्रसिद्ध झाली. या टीकेने एक महत्त्वाची परंपरा सुरू झाली : छापलेल्या इतिहासावर विसंबून न राहता त्याच्या साधनांपर्यंत जाऊन प्रश्न विचारण्याची. मात्र ग्रँट डफच्या साधनांपर्यंत पोहोचणे पुढील अभ्यासकांना जमले नाही. सोसायटीकडे ठेवलेल्या प्रतींचा माग लागेना. त्यातूनच ग्रँट डफने कागद जाळले, अशी वदंताही पसरली.

या वदंतेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी तिच्या उगमातील तर्क विचार करण्याजोगा आहे. तळटीप आहे, पण तळटिपेतील कागद कोणालाच पाहता येत नाही. अशा वेळी वाचकापुढे दोनच मार्ग उरतात : लेखकावर विश्वास ठेवणे किंवा अविश्वास दाखविणे. पडताळणीचा तिसरा मार्ग बंद होतो. आधारनिर्देश म्हणजे केवळ साधनाचे नाव लिहिणे नव्हे; त्या साधनापर्यंत जाण्याची वाट मोकळी ठेवणे होय, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

साधनप्रकाशनाचे युग

ही वाट मोकळी करण्याचे कार्य पुढील पिढीने अंगावर घेतले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्या पुढाकाराने १८७८ साली 'काव्येतिहास संग्रह' हे मासिक सुरू झाले व बखरी, पत्रे, जुनी काव्ये वाचकांच्या हाती येऊ लागली. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणारे वासुदेव वामन खरे यांनी पटवर्धन दप्तरातील पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने १८९७ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे ही माला बावीस खंडांपर्यंत गेली. त्या पहिल्या खंडाच्या विस्तृत प्रस्तावनेत राजवाड्यांनी पानिपतच्या काळातील अस्सल पत्रांच्या आधारे बखरींतील काळ, स्थळ व व्यक्ती यांविषयीचे घोटाळे उघड केले आणि ग्रँट डफच्या ग्रंथातील उणिवांवरही बोट ठेवले. समकालीन अस्सल कागद आणि नंतरचे कथन यांचे वजन सारखे नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता.

१९१० साली पुण्यात राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. तेथे निबंध वाचावयाचा, तो इतर संशोधकांनी तपासावयाचा आणि आक्षेप घ्यावयाचे, ही रीत रूढ झाली. आजच्या समकक्ष परीक्षणाचे देशी रूप म्हणून या सभांकडे पाहता येईल.

श्रेयनिर्देशाच्या दृष्टीने या युगाचे एक वैशिष्ट्य आवर्जून नोंदविले पाहिजे. साधनांना त्यांच्या धारकांची किंवा स्थानांची नावे मिळाली : जेधे शकावली, पटवर्धन दप्तर, मेणवली दप्तर. वाळवी, ओल आणि उपेक्षा यांतून ज्या घराण्यांनी कागद जपले, त्यांचे नाव साधनाशी कायमचे जोडले गेले. यात कृतज्ञता आहेच. पण त्याहून अधिक म्हणजे हा कागद कोठून आला याचा तो संक्षिप्त दाखलाही आहे. त्याचप्रमाणे १९१८ ते १९२५ या काळात इंग्रजीत तीन भागांत निघालेल्या मराठ्यांच्या इतिहासावर सी. ए. किंकेड यांच्याबरोबर दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांचे नाव लेखक म्हणून आले. पारसनिसांचा मुख्य वाटा साधनांचा होता. साधने जमविणाऱ्यालाही कर्तृत्वाचे श्रेय असते, याची ती कबुलीच म्हणावी लागेल.

तरीही या युगाला उणिवा नव्हत्या असे नाही. राजवाड्यांनी १९०९ साली एका जुन्या पोथीच्या आधारे ज्ञानेश्वरीची संहिता प्रसिद्ध केली. ती मराठीच्या अभ्यासात अत्यंत प्रभावी ठरली. परंतु मूळ पोथी पुढील अभ्यासकांना तपासण्यास उपलब्ध राहिली नाही. परिणामी त्या संहितेच्या प्राचीनतेविषयी जे मतभेद झाले, ते निर्णायकपणे मिटविण्याचे साधनच उरले नाही. ग्रँट डफच्या बाबतीत जो आक्षेप घेतला जातो, तोच येथेही लागू होतो. व्यक्ती कितीही थोर असली तरी पद्धतीतील न्यून तिच्या थोरवीने भरून निघत नाही.

शिवजन्मतिथी : स्वतंत्र साक्षींचे महत्त्व

साक्षींच्या मोजणीचा मुद्दा शिवजन्मतिथीच्या वादात जितका स्पष्ट होतो तितका क्वचितच अन्यत्र होत असेल. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शिवजन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे इ.स. १६२७ मध्ये झाला, असे दीर्घकाळ मानले जात होते. बखरींची संख्या पाहता हा पक्ष भक्कम वाटत असे. तथापि नेमक्या तिथीबाबत त्यांच्यात एकवाक्यता नव्हती आणि सर्वांत जुन्या सभासद बखरीत जन्मतिथी दिलेलीच नाही.

भोर परिसरातील कारी येथील जेधे देशमुख घराण्याकडे असलेली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली व १९१६ साली मंडळाच्या प्रकाशनात ती त्यांनी प्रसिद्ध केली. तीत शिवजन्माची नोंद फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. एका शकावलीने अनेक बखरींना आव्हान दिले, तेव्हा वाद होणे अपरिहार्य होते. पुढे कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' हे संस्कृत काव्य तंजावर येथे मिळालेल्या पोथीवरून सदाशिव महादेव दिवेकर यांनी १९२७ साली प्रसिद्ध केले. त्यातही हीच तिथी आढळली. राजस्थानातील ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात सापडलेल्या शिवाजी महाराजांच्या जन्मकुंडलीनेही त्याच तिथीला दुजोरा दिला.

येथे संख्येचा नव्हे, स्वातंत्र्याचा विजय झाला. कारीचे देशमुख घराणे, तंजावरचा ग्रंथसंग्रह आणि राजस्थानातील कुंडलीसंग्रह यांनी एकमेकांचे पाहून लिहिले असण्याचा संभव जवळजवळ नाही. म्हणून या तीन साक्षी खऱ्या अर्थाने तीन ठरतात. आणि त्या स्वतंत्र आहेत हे आज आपण निःशंकपणे म्हणू शकतो, याचे कारण प्रत्येक साधन कोठे, कोणाकडे मिळाले व कोणी प्रसिद्ध केले, याची नोंद राहिली आहे. ती नोंद नसती, तर तिन्ही साधने एकाच मुळाच्या नकला असाव्यात, असा आक्षेप कोणीही घेऊ शकला असता. महाराष्ट्र शासनाने २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली, त्यामागे संशोधकांच्या या नोंदींची साखळी उभी आहे.

याच तारखेत आणखी एक सूक्ष्म धडा आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्यूलियन गणनेची होय. ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. मूळ साधनात शक, मास व तिथी असते. इसवी तारीख हे अभ्यासकाने केलेले गणित असते. ते कोणत्या जंत्रीवरून व कोणत्या गणनेने केले, याचा निर्देश नसल्यास दोन अचूक लेखक परस्परविरोधी भासतात.

वर्तमान स्थिती आणि काही अपेक्षा

२०१८ च्या विनियमांनी साम्याच्या चार पातळ्या ठरविल्या. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठ टक्क्यांहून अधिक अशा पुढील पातळ्यांना वाढत्या शिक्षा आहेत. यांतील अखेरच्या पातळीवर प्रबंधाची नोंदणीच रद्द होऊ शकते. या व्यवस्थेमुळे उघड नक्कल करणाऱ्यांना आळा बसला, तर ते स्वागतार्हच आहे. परंतु इतिहासाच्या संशोधनातील काही गंभीर दोष या टक्केवारीत मुळीच येत नाहीत.

पहिला दोष उसन्या तळटिपेचा. एखाद्या अभ्यासकाने राजवाडे खंडातील लेखांक दिलेला असतो. आपण तो खंड न उघडता तोच लेखांक आपल्या प्रबंधात थेट नोंदवितो. शब्दांचे साम्य शून्य, म्हणून संगणकाला आक्षेप नाही. पण मूळ अभ्यासकाचा लेखांक मुद्रणदोषाने चुकला असेल, तर तीच चूक पाच प्रबंधांत जाते आणि पाच तळटिपा एकमेकींना आधार देत असल्याचा आभास निर्माण होतो. बखरींच्या परंपरेत जे घडले, तेच येथे तळटिपांच्या वेशात पुन्हा घडते. यावर उपाय साधा आहे. मूळ साधन पाहिले नसेल तर 'उद्धृत' असे लिहून ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव द्यावे. त्याने प्रबंधाची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट त्यावरील विश्वास वाढतो. 'तत्रैव' आणि 'उ. नि.' या संक्षेपांनी पाने भरण्यापेक्षा या एका शब्दाचे मोल अधिक आहे.

दुसरा दोष भाषांतराचा. इंग्रजी ग्रंथातील परिच्छेद मराठीत उतरवून तो स्वतःचे विवेचन म्हणून मांडला, तर शब्दसाम्यावर चालणाऱ्या तपासणीत तो सुटून जाण्याचा संभव असतो. मराठीतून लिहिणाऱ्या आपणा सर्वांना या बाबतीत विशेष दक्ष राहावे लागेल. विचार दुसऱ्याचा आणि शब्द आपले, एवढ्याने विचाराचे श्रेय बदलत नाही.

तिसरा दोष अदृश्य श्रमांचा. मोडी कागद दुसऱ्याकडून वाचवून घेणे यात गैर काही नाही. परंतु लिप्यंतर कोणी केले याचा उल्लेख टाळणे गैर आहे. मोडीत एका अक्षराच्या वाचनावरून गावाचे नाव किंवा रकमेचा आकडा बदलू शकतो. वाचन कोणाचे हे माहीत असेल तरच शंका आल्यास ते पुन्हा तपासता येते. दप्तराचा निर्देश करताना दप्तरखान्याचे नाव, विभाग आणि रुमाल क्रमांक देण्याचा आग्रह याच कारणासाठी धरावयास हवा. केवळ 'पेशवे दप्तर, पुणे' एवढे लिहिणे म्हणजे पत्त्यात फक्त शहराचे नाव लिहिण्यासारखे आहे.

यात संगणकाने तयार करून दिलेल्या मजकुराची अलीकडे भर पडली आहे. अशा मजकुरात अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे व लेखांचे संदर्भही कधी कधी बिनदिक्कत दिलेले आढळतात. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहणे, हा जुनाच नियम या नव्या संकटावरही पुरेसा आहे.

मार्गदर्शक या नात्याने आपली जबाबदारी येथे थेट येते. विद्यार्थी तळटीप लिहावयास नियमावलीतून शिकत नाही. तो मार्गदर्शकाच्या लेखनातून शिकतो. मौखिक परीक्षेच्या वेळी प्रबंधातील कोणत्याही पाच तळटिपा निवडून त्यांतील मूळ साधन समोर ठेवण्यास सांगावे, एवढी प्रथा जरी महाविद्यालयीन संशोधन केंद्रांनी सुरू केली, तरी साम्याच्या अहवालापेक्षा तिचा परिणाम अधिक खोल होईल, असे वाटते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, आधारनिर्देश हा मराठ्यांच्या इतिहासलेखनावर बाहेरून लादलेला उपचार नाही. तळटिपेचे तंत्र ग्रँट डफच्या ग्रंथातून आले हे खरे. पण त्या तंत्रात प्राण भरला तो कीर्तन्यांच्या शंकेने, खरे व राजवाड्यांच्या पायपिटीने आणि मंडळाच्या सभांतील खंडनमंडनाने. बखरींतील घोटाळ्यांतून बाहेर पडण्यासाठी त्यांना साक्षी वेगळ्या करावयाच्या होत्या आणि त्यासाठी प्रत्येक कागदाचे मूळ नोंदविणे भाग होते. श्रेय देणे हा त्यांच्या दृष्टीने सौजन्याचा भाग होता, तितकाच तो पुराव्याचाही भाग होता.

आज आपण जे प्रबंध आणि लेख लिहितो, ते उद्याच्या अभ्यासकाची साधने होणार आहेत. तो आपल्या तळटिपा पाहून साक्षी मोजणार आहे. न पाहिलेला कागद पाहिल्याचे आपण लिहिले, तर एका व्यक्तीचे श्रेय हिरावले जाते एवढेच नव्हे. त्या अभ्यासकाच्या हाती आपण खोटी मोजणी देतो. कारीच्या एका घराण्याने जपलेल्या कागदांमुळे आणि ते कोठून आले हे लिहून ठेवणाऱ्यांमुळे तीन शतकांनंतर एक तारीख निश्चित करता आली. आपल्या तळटिपेवर तेवढाच विश्वास ठेवता यावा, ही अपेक्षा आपण प्रथम स्वतःकडूनच करावयास हवी.